बारावी महाराष्ट्रात, कॉलेज अमेरिकेत: सरकारी आर्थिक मदतीसाठी हायस्कूल पूर्ण केल्याचा पुरावा कसा द्यायचा

फाफ्सा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे कॉलेजसाठी मदत मागायचा अर्ज, भरताना हायस्कूलचा प्रश्न मिनिटभरात संपतो. पर्याय चार: हायस्कूल डिप्लोमा, राज्याने मान्य केलेली समकक्ष परीक्षा, घरी घेतलेलं शिक्षण, किंवा यापैकी काहीच नाही. एकावर टिचकी मारायची, शाळेचं नाव-गाव लिहायचं, पुढे जायचं. कागद कोणी मागत नाही. तो मागितला जातो जुलै-ऑगस्टमध्ये. कॉलेजच्या पोर्टलवर ‘हायस्कूल पूर्ण केल्याचा पुरावा बाकी’ असं दिसतं, फीची मुदत आठवड्यावर आलेली असते आणि बारावीची मूळ गुणपत्रिका साताऱ्याच्या घरात कपाटात असते.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्रात किंवा गोव्यात शिकून ग्रीन कार्डवर अमेरिकेत आलेल्यांसाठी आहे. मुलांसाठी आहे, तसाच तिशी-चाळिशीत कम्युनिटी कॉलेजची पायरी चढणाऱ्या पालकांसाठीही.

आधी एक गाळणी लावून घ्या. केंद्राची मदत अमेरिकी नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि निर्वासित किंवा आश्रय मिळालेल्यांसारख्या ठरावीक गटांना मिळते. एच-४ (नोकरदाराच्या कुटुंबीयांचा) किंवा एफ-१ (शिक्षणासाठीचा) व्हिसावरच्या विद्यार्थ्याला ती मिळत नाही, मग बारावीला ९५ टक्के असोत. व्हिसावर असाल तर राज्याची किंवा कॉलेजची स्वतःची मदत आहे का ते वेगळं विचारा.

नियम काय सांगतो

पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, सहसा परत न करावी लागणारी मदत), केंद्राचं विद्यार्थी कर्ज आणि वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळणारी कमाई) या योजना १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याच्या चौथ्या विभागात येतात. त्यासाठीची एक मूळ अट म्हणजे हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र. २०२५-२६ साठी पेल ग्रँटची कमाल रक्कम वर्षाला ७,३९५ डॉलर आहे. एका गुणपत्रिकेवर किती पैसा अडून राहू शकतो, ते यावरून लक्षात येईल.

पूर्वी फाफ्साच्या पडताळणीसाठी निवडलेल्या काही विद्यार्थ्यांना व्ही-४ आणि व्ही-५ गटांत हायस्कूलचा पुरावा द्यावाच लागे. २०२३-२४ पासून ही बाब त्या यादीतून वगळली आहे. त्यामुळे ‘आता पुरावा लागत नाही’ असा समज पसरला, तो अर्धाच खरा आहे. डिप्लोमाची अट कायम आहे. डिप्लोमा खरा आहे का याबद्दल शंका घ्यायला जागा असेल, तर तपासणी करणं कॉलेजवर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात कागद मागितला जातो तो बहुधा अशा वेळी: शाळा परदेशातली असते; अ‍ॅडमिशन ऑफिसकडे एक माहिती असते आणि फाफ्सात दुसरी; शाळा ऑनलाइन, खासगी आणि अनोळखी असते; किंवा कॉलेजचा स्वतःचाच नियम तसा असतो. अ‍ॅडमिशन आणि फाफ्सा यांच्या माहितीत विसंगती दिसली, तर ती मिटेपर्यंत कॉलेजला पैसे सोडता येत नाहीत. तिथे समोरच्या कारकुनाशी वाद घालून उपयोग नसतो, त्याचे हात बांधलेले असतात.

पहिली पायरी: फाफ्सात बरोबर उत्तर भरा

बारावी उत्तीर्ण असाल तर ‘हायस्कूल डिप्लोमा’ हाच पर्याय. ‘राज्याने मान्य केलेली समकक्ष परीक्षा’ हा पर्याय जीईडी किंवा हायसेट, म्हणजे हायस्कूल पूर्ण न केलेल्यांसाठीच्या अमेरिकेतल्या परीक्षा, देणाऱ्यांसाठी आहे. आपली एचएससी ही ‘समकक्ष’ म्हणून अनेक जण तिथे टिचकी मारतात आणि मग कॉलेज जीईडीचा निकाल मागत बसतं.

शाळेच्या यादीत तुमचं कनिष्ठ महाविद्यालय सापडणार नाही. नाव हाताने लिहा आणि गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहा. बारावीचं लिहा, दहावीच्या शाळेचं नको.

प्रश्न आजच्या स्थितीचा नसतो, कॉलेजचं वर्ष सुरू होईल तेव्हाच्या स्थितीचा असतो. मार्चमध्ये बारावीची परीक्षा देत असाल आणि कॉलेज ऑगस्टअखेरीस सुरू होणार असेल, तर उत्तर ‘डिप्लोमा’च. निकाल मनासारखा लागला नाही तर मात्र अर्ज दुरुस्त करा. खोटी माहिती देणाऱ्याला २०,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतं, हे अर्जावर सही करताना समोर लिहिलेलं असतं.

दुसरी पायरी: नेमका कोणता कागद

परदेशात शिकलेल्यांकडून काय घ्यावं, याच्या अमेरिकी कॉलेजांच्या यादीत ‘सेकंडरी स्कूल लीव्हिंग सर्टिफिकेट’ असे शब्द असतात. ते वाचून आपली मंडळी शाळा सोडल्याचा दाखला (एलसी) पाठवतात. हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. त्या यादीला अभिप्रेत असतो शिक्षण पूर्ण केल्याचा, परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा कागद. आपला एलसी सांगतो की नाव पटावरून कमी केलं. नापास विद्यार्थ्यालाही एलसी मिळतोच. शेऱ्यात ‘एचएससी उत्तीर्ण’ लिहिलेलं असलं तरी तो शेरा कॉलेजचा आहे, मंडळाचा नाही. एलसी पाठवायचाच असेल तर जोडकागद म्हणून पाठवा.

पाठवायचे ते दोन कागद: बारावीची गुणपत्रिका आणि मंडळाचं उत्तीर्ण प्रमाणपत्र. सीबीएसईत अलीकडच्या वर्षांत गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र एकाच कागदावर असतात, तसं असेल तर तो एकच पुरतो. पाठवण्याआधी कागदावर पाच गोष्टी बोट ठेवून शोधा: मंडळाचं नाव, विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, बैठक क्रमांक, परीक्षेचा महिना आणि वर्ष, आणि निकालाच्या जागी ‘पास’ हा शब्द. शेवटच्या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. अमेरिकन कारकुनाला डिप्लोमा मिळाल्याची तारीख हवी असते, आणि आपल्या गुणपत्रिकेवर ती परीक्षेच्या महिन्या-वर्षाच्या रूपात असते. स्कॅन करताना खालची पट्टी कापली गेली की नेमकं तेच जातं. मागच्या बाजूलाही मजकूर असेल तर तीही स्कॅन करा.

निकालाच्या दिवशी संकेतस्थळावरून काढलेली छापील प्रत पुरावा म्हणून चालत नाही. ती माहितीपुरती असते. मूळ गुणपत्रिका काही दिवसांनी कनिष्ठ महाविद्यालयातून मिळते, ती घेतल्याशिवाय विमानात बसू नका.

आणि दहावी? भारतातली दहावी बारा वर्षांच्या शालेय शिक्षणाचा मधला टप्पा ठरते. एसएससीचं प्रमाणपत्र ठळक अक्षरांत ‘सेकंडरी’ असं म्हणत असलं, तरी त्याच्या बळावर अमेरिकन डिप्लोमाची बरोबरी मिळेल अशी आशा धरू नका. ते प्रमाणपत्र दुसऱ्या कामाला येतं: त्यावर जन्मतारीख असते, आणि नावाचा घोळ झाला की ओळख जुळवायला तोच कागद उपयोगी पडतो.

तिसरी पायरी: समकक्षता कोण ठरवणार

कॉलेजला दोन मार्ग आहेत. स्वतः तपासणं, किंवा बाहेरच्या मूल्यांकन संस्थेचा अहवाल मागणं. म्हणून आधीच पैसे भरून अहवाल काढू नका. फायनान्शिअल एड ऑफिसला ईमेल लिहा आणि एवढंच विचारा: भारतातल्या बारावीच्या मंडळाची गुणपत्रिका तुम्ही स्वतः तपासता का? नसल्यास कोणत्या संस्थांचे अहवाल चालतात? कोणत्या प्रकारचा अहवाल लागतो? तो तुमच्या ऑफिसला पाठवायचा की अ‍ॅडमिशनला? उत्तर लेखी घ्या. फोनवर एक सांगणारा आणि खिडकीवर दुसरं सांगणारा, हा अनुभव तिकडेही येतो.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने कुठल्याही मूल्यांकन संस्थेला अधिकृत मान्यता दिलेली नाही. बहुतेक कॉलेजं नॅसेस या संघटनेच्या सदस्य संस्थांचे अहवाल घेतात. डब्ल्यूईएस आणि ईसीई ही त्यातली ओळखीची नावं. हायस्कूल पूर्ण केल्याचं दाखवायला ‘डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट’ हा साधा, स्वस्त अहवाल पुरतो. ‘कोर्स-बाय-कोर्स’ लागतो तो भारतातल्या पदवीचे क्रेडिट वर्ग करून घ्यायचे असतील तेव्हा. दोन्ही कामं असतील तर महागडा एकच काढा आणि त्यात बारावीचाही समावेश करायला सांगा. नुसत्या पदवीचा अहवाल आला आणि बारावीचा उल्लेखच नाही, असं हमखास होतं.

मजकूर इंग्रजीत असेल तर भाषांतर लागत नाही. मराठीतला कागद, उदाहरणार्थ एलसी किंवा लग्नाचा दाखला, जोडणार असाल तर प्रमाणित भाषांतर हवं. त्याचा अर्थ असा की भाषांतरकाराने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं सहीनिशी लिहून द्यायचं. स्वतः किंवा घरच्या माणसाने केलेलं भाषांतर नाकारलं जातं.

अपोस्टिलबद्दल एक स्पष्ट मत. पुण्या-मुंबईतले एजंट ‘अमेरिकेला जाताय, मग बारावीवर अपोस्टिल हवाच’ असं सांगून पैसे घेतात. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा तो प्रवास असतो. कॉलेजने लेखी मागितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. अपोस्टिल सही-शिक्का खरा असल्याचं सांगतो. बारावी अमेरिकन डिप्लोमाच्या तोडीची आहे की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि कॉलेजला हवं असतं तेच.

नाव जुळत नाही तेव्हा

राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. समजा गुणपत्रिकेवर ‘पाटील समीर विजय’ आहे. अमेरिकन संगणकात त्याचं पहिलं नाव ‘पाटील’ आणि आडनाव ‘विजय’ होऊन बसतं. फाफ्सात मात्र सोशल सिक्युरिटी कार्डाप्रमाणे समीर पाटील असतो. कागद कॉलेजला पोचलेला असतो, पण भलत्याच माणसाच्या नावाने फायलीत पडून राहतो. म्हणून प्रत्येक कागदासोबत एक छोटं पत्र जोडा: कॉलेजचा विद्यार्थी क्रमांक, पासपोर्टवरचं नाव, गुणपत्रिकेवरचं नाव आणि ‘महाराष्ट्रात आडनाव आधी छापतात’ हे एक वाक्य.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत दोन्ही नावं बदललेली असतात, आडनावही आणि वडिलांच्या जागी आलेलं पतीचं नावही. काही घरांत तर पहिलं नावसुद्धा. लग्नाचा दाखला जोडा. पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद शोधा. एका अक्षराचा फरक असेल, जसं ‘दीक्षित’मध्ये एक आय की दोन ई, तर जन्मतारीख असलेलं दहावीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट बहुतेक वेळा पुरतात.

कागद हरवला असेल तर

आधी डिजिलॉकर. महाराष्ट्र मंडळ, सीबीएसई आणि आयएससीच्या गुणपत्रिका तिथे मिळतात. भारतात ही प्रत कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची आहे. अमेरिकन कॉलेजवर हा नियम बंधनकारक नाही, तरी बरीच ऑफिसं ती स्वीकारतात, कारण ती मंडळाने थेट दिलेली असते. गोम ओटीपीची आहे. आधारशी जोडलेला भारतीय मोबाइल नंबर बंद झाला की लॉकर उघडत नाही. निघण्याआधी सगळ्या गुणपत्रिका उतरवून घ्या आणि तो नंबर चालू ठेवा.

डिजिलॉकरमध्ये नसेल तर दुय्यम प्रत काढायची. ती मंडळाच्या पुण्यातल्या मुख्यालयातून येत नाही, ज्या विभागातून परीक्षा दिली त्या विभागीय मंडळाकडून येते. विभाग नऊ: पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, कोल्हापूर, अमरावती, लातूर आणि कोकण. मुंबई विभागाचं ऑफिस वाशीला आहे. जिल्हा कोणत्या विभागात होता हे तुमच्या परीक्षेच्या वर्षाप्रमाणे बघा, कारण काही विभाग नंतर वेगळे झाले. बैठक क्रमांक, महिना आणि वर्ष माहीत असेल तर काम पुढे सरकतं. नसेल तर कनिष्ठ महाविद्यालयाच्या रजिस्टरमधून काढून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी भारतात असलेल्या कुणा नातेवाइकाला सहीचं अधिकारपत्र देऊन पाठवणं बरं. गोव्याचं मंडळ एकच, पर्वरीला.

शाळा नष्ट झालेली, देश सोडून पळावं लागलेला, अशा निर्वासितांसाठी कागदाऐवजी स्वतःच्या लेखी निवेदनाची सवलत आहे. कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणून ती आपल्याला लागू होत नाही.

बारावी नाही, पण दुसरं काही आहे

दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा केलेल्यांची गाडी इथे अडते. ‘डिप्लोमा’ शब्द दिसल्यामुळे कॉलेज कधी नुसताच स्वीकारतं, कधी बारावी नाही म्हणून नाकारतं. अशा वेळी मूल्यांकन संस्थेचा अहवाल काढा आणि त्यात हायस्कूल पूर्ण झाल्याचा निष्कर्ष स्पष्ट शब्दांत आहे का, ते पाहा. नुसती ‘तांत्रिक शिक्षणाची तीन वर्षं’ असं लिहिलेला अहवाल कामाचा नाही.

भारतातून बीए, बीकॉम, बीएस्सी करून आलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. हायस्कूलचा प्रश्न त्यांच्यापुरता सहज सुटतो. मात्र पदवी झालेल्याला पेल ग्रँट मिळत नाही, आणि ती पदवी भारतातली असली तरी पदवीच. फाफ्सात पहिली पदवी झाली आहे का, हा वेगळा प्रश्न असतो, तिथे ‘हो’ म्हणावं लागतं. केंद्राच्या कर्जाची वाट मोकळी राहते. ‘बारावीच दाखव, बीकॉम सांगू नकोस’ हा सल्ला गोतावळ्यात फिरत असतो. तो ऐकलात तर पुढे दिलेली ग्रँट परत मागितली जाते.

बारावी नापास, किंवा अकरावीतच इकडे आलेले: वय बसत असेल तर अमेरिकन सरकारी हायस्कूलमध्ये नाव घालणं सगळ्यात चांगलं. शाळा मागचे विषय मोजून क्रेडिट देते, उरलेले पूर्ण करायचे. न्यू जर्सीत डिप्लोमासाठी १२० क्रेडिट लागतात आणि त्यात अमेरिकेच्या इतिहासाची दोन वर्षं असतात. आपल्याकडच्या इतिहासाने ती भरून निघत नाहीत, तेव्हा तिथल्या बारावीत दाखल झालेल्या मुलाला दोन्ही वर्षांचा इतिहास एकाच वर्षात घ्यावा लागतो.

मोठ्या वयाला जीईडी. भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र असे चार पेपर, प्रत्येकात किमान १४५ गुण. परीक्षा इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये. सराव चाचणीचा निकाल पुरावा नसतो, राज्याने दिलेलं प्रमाणपत्र किंवा ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) हवं. जीईडीही नको असेल तर ‘एबिलिटी टू बेनिफिट’ नावाची वाट आहे: कॉलेजच्या मान्य करिअर पाथवे, म्हणजे शिक्षणासोबत नोकरीची तयारी करून घेणाऱ्या, अभ्यासक्रमात प्रवेश घ्यायचा, आणि मान्य चाचणी उत्तीर्ण व्हायची किंवा सहा क्रेडिट यशस्वीपणे पूर्ण करायचे. प्रत्येक कॉलेजात हे अभ्यासक्रम नसतात. असतील तर फायनान्शिअल एड ऑफिसला माहीत असतं, तुम्ही विचारल्याशिवाय ते सांगत मात्र नाहीत.

अमेरिकेतच हायस्कूल झालं असेल तर

इथे चूक एकच होते आणि ती दरवर्षी होते. प्रवेशासाठी जानेवारीत पाठवलेलं ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडे असतं, म्हणून मुलं निर्धास्त राहतात. त्यावर हायस्कूल पूर्ण केल्याची तारीख नसते, कारण तेव्हा ते पूर्ण झालेलंच नसतं. जूनमध्ये हायस्कूल संपल्यावर ‘फायनल’ ट्रान्सक्रिप्ट पुन्हा पाठवावं लागतं, शाळेकडून थेट किंवा पार्चमेंटसारख्या सेवेतून. काउन्सेलर सुट्टीवर जाण्याआधी मागणी नोंदवा. शाळा बंद झाली असेल तर जुने कागद स्कूल डिस्ट्रिक्टकडे किंवा राज्याच्या शिक्षण खात्याकडे असतात. ‘सर्टिफिकेट ऑफ अटेंडन्स’ म्हणजे डिप्लोमा नव्हे. आणि दोनशे डॉलरमध्ये आठवड्यात डिप्लोमा देणाऱ्या संकेतस्थळांचा कागद कॉलेज एका फोनवर बाद करतं.

पाठवणं आणि पाठपुरावा

अमेरिकेत ‘ऑफिशियल’ म्हणजे संस्थेकडून थेट आलेला. आपलं मंडळ परदेशी कॉलेजला सहसा थेट काही पाठवत नाही, हे आधीच कळवा आणि मूळ प्रत खिडकीवर दाखवून त्यांच्याकडून छायाप्रत करून घ्यायची तयारी दाखवा. मूळ कागद पोस्टाने कधीही पाठवू नका. अ‍ॅडमिशनला दिलेला कागद फायनान्शिअल एडला आपोआप दिसेल असं धरून चालू नका. पोर्टलवर चढवल्यावर पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा, आठवड्याने स्थिती बघा. ‘मिळाला’ आणि ‘तपासून मान्य’ हे वेगळे टप्पे आहेत.

फीची मुदत आधी आणि कागद मागाहून, असं झालं तर बर्सर ऑफिसकडून (फी घेणाऱ्या विभागाकडून) मुदतवाढ किंवा हप्ते मागा, नाहीतर वर्गातून नाव काढलं जातं. उशिरा आलेल्या कागदाचं आणि उशिरा मिळालेल्या पात्रतेचं गणित वेगळं असतं. बारावी मे महिन्यात झाली आणि गुणपत्रिका ऑक्टोबरमध्ये पोचली, तर तुम्ही सेमिस्टरच्या सुरुवातीपासून पात्रच होतात. जीईडी डिसेंबरऐवजी फेब्रुवारीत उत्तीर्ण झालात, तर पेल ग्रँट त्या चालू सत्रापासून मिळते, आधीच्या सत्राची मिळत नाही. एकदा कॉलेजने पुरावा मान्य केला की त्याच कॉलेजात दरवर्षी तो पुन्हा द्यावा लागत नाही. कॉलेज बदललं की नवीन कॉलेज नव्याने मागू शकतं, तेव्हा मूल्यांकनाच्या अहवालाची जादा प्रत मागवताना लागणारा संदर्भ क्रमांक गुणपत्रिकेच्या स्कॅनसोबत ठेवून द्या.